उंबऱ्याबाहेरची बाटली

आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, कुटायला जातात, आणि कुठली मिरची किती घ्यायची ते फक्त सासूबाई ठरवतात. ब्याडगी रंगाला, लवंगी ठसक्याला, संकेश्वरी चवीला. कागलच्या कारखान्यात मी यंत्रांची अख्खी रांग सांभाळते, पण घरी लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं काम देठ खुडण्याचं. याचा मला मनापासून राग यायचा आणि मी तो लपवतही नसे.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक इटालियन तंत्रज्ञ आला. कॅन्टीनची उसळ खाऊन बिचारा कंटाळला होता, म्हणून रविवारी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर त्याला मटणाला बोलावलं. तो दारात उभा राहिला तोच हातात बाटली घेऊन. टस्कनीतल्या त्यांच्या घरच्या मळ्यातली रेड वाइन.

"पावणं, या की आत," सासूबाई म्हणाल्या. "ती मातूर भाईरच ऱ्हाऊ दे. माज्या उंबऱ्याच्या आत बाटली आल्याली न्हाय कवा."

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. त्यांची हौस आजवर शेतावरच भागत आलीय.

मी पाहुण्याला इंग्रजीत समजावलं. बाटली चपलांशेजारी ठेवताना त्याचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, आमच्या वाइनमध्ये तीन जातींची द्राक्षं असतात. एक आंबटसर, एक तिला मऊ करायला, एक नुसती रंगाला. प्रमाण कायम आईच ठरवायची. ही बाटली पहिल्यांदाच तिनं माझ्यावर सोपवली होती, आणि अजून ती बरं म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. परक्या माणसाला विचारून मला फोन कर, म्हणाली.

मी सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितला. जरा जोर देऊनच सांगितला.

"म्हंजी चटणीवानीच की," त्या म्हणाल्या. "आन त्येची आई वाट बघत बसलीया व्हय?" रस्सा ढवळता ढवळता त्यांनी विचार केला. "मग ताटं गच्चीवर न्या. गच्चीला कुटं उंबरा हाय."

सतरंजी, भाकरीची दुरडी, रश्श्याचं पातेलं, सगळं वर चढलं. वाइनचे ग्लास आमच्याकडे कुठले, म्हणून ती स्टीलच्या वाट्यांत ओतली. सासऱ्यांनी वाटी पुढे करताना दाखवलेली चपळाई मी पहिल्यांदाच पाहिली. पाहुणा तांबडा रस्सा ओरपत होता, डोळे पुसत होता आणि पुन्हा मागत होता. त्या उन्हात मला इतका आनंद झाला की भाकरी मोडायचंही सुचेना.

मग सासूबाईंनी एक वाटी उचलली. चटणीचा घेतात तसा डोळे मिटून वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं. पाहुण्याचा घास हातातच थांबला.

"रंगाचं जरा जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "पर जमलंय. हात बसलाय पोराचा."

त्यानं तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई दिसली, आणि सासूबाई माझी वाट न बघता थेट तिच्याशी बोलू लागल्या. "बाई, पोरगं शिकलंय. आता द्या की सोडून त्येच्यावर. आपुन किती दिस धरून बसायचं?"

मी त्याचं इंग्रजी केलं, त्यानं इटालियन. तिकडे ती बाई हसली आणि तिनं लेकाला मान डोलावली. त्याचे डोळे पुन्हा भरले, या वेळी रश्श्यानं नव्हे. मी मात्र सासूबाईंकडेच बघत राहिले.

"बघतीस काय आशी?" वाटी खाली ठेवत त्या म्हणाल्या. "यंदा डंकावर तू जा. मी नुसता वास घ्याला येतो."