नातीच्या अंघोळीची सरासरी

माझ्या नातीला मी पहिल्यांदा न्हाऊ घालायला बसलो, तेव्हा भाजलो तो मी.

लेक गौरी बाळंतपणाला रायपूरला आमच्याकडे आली होती. तीन महिने झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन बेंगलोरला परत जाणार होती. या तीन महिन्यांत बाळाच्या अंघोळीला मला न्हाणीघराच्या उंबऱ्यापलीकडे प्रवेश मिळाला नव्हता. (टॉवेल धरायची परवानगी होती. तीही हात धुऊन.) त्या दिवशी मालिशवाली आली नाही, बायकोची कंबर धरलेली. मी संधी साधली.

"मी घालतो न्हाऊ."

"जमते का तुमाले?" बायको म्हणाली.

"सिलतऱ्याच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडाचं टेंपरेचर मोजलं मी जिंदगीभर. बादलीभर पाणी काय चीज आहे?"

(खरं तर मोजायचा दुसराच. मी त्याच्यामागे वही घेऊन उभा असायचो. पण ठिणग्या माझ्याही अंगावर उडायच्या.)

गौरी स्वतः खळाळत्या प्रवाहात गरम-गार पाणी कसं मिसळतं, यावर पीएचडी करते. (हे मी मोहल्लाभर सांगत फिरतो. कोणी पुढचा प्रश्न विचारला, की मला अचानक काम आठवतं.) ती एवढंच म्हणाली, "पापा, बाळ बाद में. पहले अपने पैर पे डालो."

मी पाटावर बसलो, बायको बसते तसे दोन्ही पाय लांब केले. बादलीत गार पाणी होतं. त्यावर कढत पाणी अलगद सोडलं, थेंब उडू दिला नाही.

"उलटं काहून करून राहिले? गरमात गार पाण्याचं विसण घालतेत," बायको दारातून म्हणाली. "अन् हात तर फिरवा."

हात कशाला? मी दोन थर्मामीटर लावले, एक वर, एक तळाशी. वर बावन्न, खाली बावीस.

"सरासरी सदतीस!" मी जाहीर केलं, आणि वरचं मगभर पाणी नडग्यांवर ओतलं.

पुढचं आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या लोकांना विचारा. माझी किंकाळी ऐकून तिथल्या तलावातले बगळे उडाले ते म्हणे भिलाईपर्यंत थांबले नाहीत. बादली लवंडली, पाट तरंगत दाराशी गेला आणि पाटामागोमाग मी.

"पापा," माझ्या नडगीवर गार पाणी ओतत गौरी म्हणाली, "चटका सरासरीचा नसतो ना बसत."

दुसरी बादली तिनं स्वतः घेतली. गरमात विसण घातलं आणि हात असा घुसळला, की पाण्याला भोवरे पडले. "गरम धार खिंचती है, वळते, पातळ होत होत मिटते. पण घाई केली तर एखादी धार लपून राहते. क्वचितच. आपण समजतो त्याहून थोडं जास्तदा. मेरी पूरी थीसिस उस एक धार पे है."

बायको वाकली. तिनं बादलीत तीन ठिकाणी कोपर बुडवलं. "हव, झालं."

गौरी आईकडे बघतच राहिली. "आई, हेच करायले मले चार वर्षं लागले."

मग बाळ माझ्या पायांवर आलं. एवढंसं, मुठी वळलेलं. मी इतकं जपून ओतलं, की अर्धा मग वाटेतच सांडला. उरलेलं पाणी तिच्या पोटावर पडलं. ती दचकली नाही. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली, जणू हा कोण नवा आला!

न्हाणं झालं. टॉवेलात गुंडाळून मी तिला मांडीवर घेतलं आणि लुंगीवर हळूहळू ऊब पसरली.

"पापा, उठो ना, भीग गए."

"थांब बाई. बसू दे जरा."

"काहून पण?"

ओघळ भाजलेल्या नडगीपर्यंत आला, तरी कुठे चटका नाही, कुठे गारठा नाही. त्या दिवशी आमच्या घरात तापमान अचूक साधलेलं माणूस एकच होतं, आणि ते तीन महिन्यांचं होतं.