काकांच्या दिव्याचा नॉब

परवा संध्याकाळी चारकोपला काकूंकडे गेलो होतो... उजव्या हाताचं बोट अजून जरा परकं वाटतंय.

काकूंची मुलगी स्नेहा मला बहिणीसारखी. तिचा फोन आला, "दादा, आईला समजाव ना. म्हणते, बाबा रोज दिवेलागणीला तिचा हात धरतात. रविवारी पिहूलाही तो हात धरायला लावणार आहे." पिहू स्नेहाची तीन वर्षांची मुलगी. काकांना, म्हणजे स्नेहाच्या बाबांना, जाऊन वर्ष होत आलंय.

भूत, करणी, अंगात येणं... या सगळ्याविरुद्ध मी चौकाचौकांत गळा फाडून बोलतो. त्यामुळे भाषण तयारच होतं.

काकूंनी हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला. मग तशाच ओल्या हातांनी कोपऱ्यातल्या विजेच्या दिव्याकडे गेल्या. इलेक्ट्रॉनिक्स हा काकांचा छंद, दिवा त्यांनीच बनवलेला. लाकडी पेटी, वर पिवळा बल्ब, पुढे उजेड कमी-जास्त करायचा नॉब. नॉबची प्लास्टिकची टोपी कधीच हरवलेली, नुसता धातूचा दांडा उरलेला.

काकूंनी तो चिमटीत धरला आणि डोळे मिटले. बल्ब आपोआप मंदावला, मग उजळला, पुन्हा मंदावला... झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. भिंतीवरची काकूंची सावली गडद व्हायची, विरून जायची.

"हात लाव," त्या म्हणाल्या. "तू मानूचस नाय, माका म्हायत आसा. पण लाव."

मी हलकेच बोट टेकवलं. दांडा थरथरत होता. बारीक, जिवंत थरथर... थकलेल्या माणसाचा हात हातात घेतल्यावर जाणवते तशी. खरं सांगतो, मानेवर काटा आला.

मग नजर काकूंच्या ओल्या बोटांवर गेली, आणि त्याहून मोठी भीती वाटली. काकांच्याच खणातून टेस्टर काढला, दांड्याला टेकवला... आतला लाल ठिपका पेटला. दांड्यात वीज होती. आणि रविवारी तिथं पिहूचं बोट जाणार होतं!

प्लग ओढून काढला, पेटी उघडली. नॉबखालचा पोटेन्शियोमीटर जुन्या टेपरेकॉर्डरमधला, आवाज कमी-जास्त करायचा. काकांनी वॅटचा हिशोब केला असणार, आणि तो बरोबरच होता. एवढ्याशा करंटनं तो तापला नसता. पण त्याची व्होल्टेजची मर्यादाही असते, ती राहिली. थोड्याशा व्होल्टसाठी घडवलेली वस्तू घरच्या २३० व्होल्टवर लावली की आतलं इन्सुलेशन हळूहळू हरतं. वीज दांड्यापर्यंत झिरपते, आणि बोटाला तीच थरथर लागते. आतली पट्टी जागोजागी काळी पडली होती... बल्बचा 'श्वास' तिथूनच येत होता.

ऑनलाइन सर्किट बघून घरी दिवे बनवणाऱ्या मित्रांनो, वॅट सांगतो वस्तू किती ताप सोसेल. व्होल्ट सांगतो ती विजेला किती अडवून धरेल. दोन्ही बघा! "चालतंय ना यार" म्हणजे सुरक्षित आहे, असं नव्हे!

काकू सगळं ऐकत होत्या. "हे माका रोज वरडायचे, वल्या हातान बटणाक हात लावू नको म्हणान. आणि आपण ह्या काय करून ठेवल्यानी!" म्हणाल्या, आणि चक्क हसल्या.

मग हात पदराला कोरडे केले, आणि त्या बंद दिव्याच्या दांड्यावर पुन्हा बोट ठेवलं. दांड्यावरून ते फिरवून पाहिलं.

"गेले," त्या हळूच म्हणाल्या.

जरा वेळानं दिवा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "घेवन जा ह्यो. रविवारी चेडू येतला, पिहू."

भूत नसतं, हे मी हजारदा सांगितलंय आणि पुढेही सांगेन. पण परवा एका बाईचं माणूस दुसऱ्यांदा घरातून गेलं, आणि प्लग माझ्या हातात होता... काकूंनी मला तो काढू दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.