दाभणावरची शेवटची तुळई

रिनस कोइमनबद्दल कॅफेत कोण काय बोलेल ते बोलो. मी चार वर्षं त्याच्या हुकखाली काढलीत, तेव्हा मी सांगते तेच खरं.

तो क्रेनवर, मी जमिनीवर. माल पट्ट्यात घालायचा, हुकला लावायचा, वायरलेसवर सांगायचं, ‘उचल, सावकाश, डावीकडे, थांब.’ हे माझं काम. शाळेनं मला हाकललं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं अजून भांडण आहे. पण सोळाव्या वर्षानंतर मला कुणी काही शिकवलं असेल तर ते रिनसनं. तो मला ‘पोरी’ म्हणायचा, मी त्याला ‘म्हाताऱ्या’. आमच्या रॉटरडॅममध्ये साइटवर सगळे अरे-तुरेच बोलतात. अहो-जाहो केलं तर माणूस विचारतो, काय गं, काय मोडलंस?

रिनसचा जन्म काटेनड्रेख्तचा, म्हणजे याच जुन्या बंदराच्या वस्तीतला. आता जिथं दाभण, ही आमची नवी इमारत, उभी आहे ना, तिथं नऊ नंबरची शेड होती. सतराव्या वर्षी तो तिथं बंदराच्या क्रेनवर चढला. केळी उतरवली, कोको उतरवला, एकदा सर्कशीचा उंट उतरवला. मग बंदर सरकत सरकत समुद्राकडे गेलं. त्याचे सगळे सोबती बंदरामागं गेले, हा नाही गेला. म्हणाला, ‘मी इथला. मालच गेला तर मी इमारती उचलेन.’ आणि उचलल्या. या धक्क्यावर काचेचं जे जे म्हणून उभं आहे, ते ह्याच्या हुकवरून वर गेलंय. गालिचे अंथरल्यावर मात्र त्याला एकाही इमारतीत कुणी बोलावलं नाही. त्यालाही जायचं नव्हतं. तो म्हणायचा, ‘आत काय बघायचंय? खुर्च्या?’

दाभण हे आमचं नाव. मालकानं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलंय, ते त्याच्या पत्रांवर असतं. तीनशे दहा मीटर, सगळी ऑफिसं, वर टोक. आम्ही बघितलं आणि म्हटलं, दाभण.

दाभणाला दोन क्रेन होत्या. एक बाजूला चिकटलेली, रिनसची. दुसरी इमारतीच्या पोटात, मजले वाढतील तशी वर सरकणारी. तिच्यावर झुलेका.

झुलेका एव्होरा, वय एकोणतीस. आजोबा केप व्हर्देहून जहाजावर आलेले, ही इथल्याच डेल्फ्सहावन भागातली. कानात मोठ्या रिंगा, डब्यात आईनं केलेला मका-शेंगांचा कच्चूपा, आणि हात असा की दोन टनांची काच मांजराच्या पिल्लासारखी ठेवायची. हे मी आज लिहितेय. तेव्हा कुणी मारलं असतं तरी बोलले नसते.

कारण बाजूची क्रेन दोनशे मीटरच्या वर जात नाही. तिथून पुढं एकच क्रेन, पोटातली. आणि नियम असा की राहणारी क्रेन जाणारीला उतरवते. म्हणजे झुलेकाच्या हुकनं रिनसची क्रेन तुकड्या-तुकड्यांनी खाली आली. रिनस धक्क्यावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याची केबिन उतरली. काचेला आतून त्यानं लावलेला बायकोचा फोटो अजून तसाच होता. आपल्याच घरातलं सामान दुसऱ्यानं रस्त्यावर मांडावं, तसं दिसत होतं ते.

‘चांगली उतरवली ना, रिनस?’ झुलेकानं वायरलेसवर विचारलं. मनापासून विचारलं असणार.

रिनस म्हणाला, ‘वाळत घातलेल्या चादरीसारखी हलत होती.’

हलत नव्हती. पण मी म्हटलं, ‘हो, हलत होती.’

त्याला वाटलं होतं आता वरची क्रेन आपल्याला मिळेल. एकसष्ट वय, ही शेवटची साइट, याच मातीतला माणूस. कॅफेत सांगूनही बसला होता की शेवटची तुळई, झेंडा बांधलेली, मीच चढवणार. आमच्यात फुशारकी मारलेली चालत नाही. मारली तर ती करून दाखवावी लागते, नाहीतर मरेपर्यंत ऐकावं लागतं. साइटचा मुख्य बेरेंड मात्र सरळ बोलला. ‘रिनस, लिफ्ट संपते तिथून वर उभी शिडी आहे. परवा तुला अर्धा तास लागला. गुडघे बघ तुझे.’

‘मी क्रेन गुडघ्यांनी चालवत नाही.’

‘पण चढतोस गुडघ्यांनीच.’

झालं. क्रेन झुलेकाची. रिनसला शेवटचा महिना फाटकावर ट्रक मोजायला ठेवला.

त्या महिन्यात तो जे वागला ते मी बघितलंय. रोज दुर्बीण आणायचा. ट्रकवाला पावती घेऊन उभा, आणि हा मान वर करून झुलेकाचा हुक बघतोय. ‘बघ, बघ, ब्रेक उशिरा लावला.’ ‘बघ, वाऱ्याला पाठ देते.’ त्याची बायको ग्रे एकदा डबा द्यायला आली तर म्हणाली, ‘चाळीस वर्षांत माझ्याकडे इतकं बघितलं असतंस तर मी अजून चार पोरं दिली असती.’

झुलेका एकदा स्वतः आली फाटकावर. म्हणाली, ‘झेंड्याच्या दिवशी माझ्यासोबत केबिनमध्ये ये ना. मागं उभं राहायला जागा आहे.’

रिनस म्हणाला, ‘केबिनमध्ये खुर्ची एकच असते.’

ती गेल्यावर मी म्हटलं, ‘पाहुणा म्हणून बोलावते! तुला!’

त्याचे कान लाल झाले. माझं डोकं त्याहून तापलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला राग नुसता त्याच्यासाठी नव्हता. आता मी तिच्या हुकखाली काम करत होते आणि तिला माझा आवाज आवडायला लागला होता. ‘मारिट, तू सांगतेस तसं कुणी सांगत नाही,’ असं म्हणायची. मला ते आवडायचं, आणि आवडलं म्हणून मी घरी जाऊन उशीला बुक्क्या मारायची.

आता खराट्याचं. इमारत टोकाला पोचली की शेवटच्या तुळईला झेंडा बांधून वर चढवतात आणि मालक सगळ्यांना बिअर पाजतो. हे आजा-पणजापासून आहे. मालक कंजूष निघाला तर कामगार झेंड्याच्या जागी खराटा लावतात, की गावाला कळू दे कसला मालक आहे. आमच्या मालकानं चिठ्ठी लावली, साइटवर दारूबंदी, त्याऐवजी प्रत्येकाला सफरचंदाचा रस आणि एक टोपी. तीनशे दहा मीटरला टोपी! सगळे चिडले. जेवणाच्या शेडमध्ये जो तो म्हणायचा, लावा खराटा. लावणार कुणी नव्हतं, बोलून मोकळं व्हायचं होतं.

मी लावला.

शुक्रवार होता, रिनसचा शेवटचा दिवस. तुळई दहाला उचलायची होती, हवा शांत असताना. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता, मालकाची माणसं पांढऱ्या टोप्या घालून उभी होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं की फोटोत झुलेकाची तुळई आणि तिला खराटा. हुकला जे लटकतं त्याचं उत्तर क्रेनवाल्याला द्यावं लागतं. दे म्हणावं उत्तर. मी झेंड्याच्या गुंडाळीमागं लांब दांड्याचा खराटा सुतळीनं दोन ठिकाणी बांधला. कुणी बघितलं नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडे कॅफेची मंडळी आली. घडीच्या खुर्च्या, कांदा घातलेले हेरिंग मासे, थर्मास, सगळा सरंजाम. सगळ्यांत पुढं ग्रे. मला वाईट वाटलं. म्हटलं, तुळई रिनस चढवणार नाही हे यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं.

‘ग्रे, रिनस कुठाय?’

‘मासे धरायला गेलाय,’ ती म्हणाली आणि हसली. आज हसू कसं येतं हिला, असं मला वाटलं.

सकाळपासून वायरलेसवर बेरेंडच बोलत होता. झुलेका गप्प. मी मनात म्हटलं, शेफारली. मी पट्टे तपासले, हात वर केला. ‘तुळई तयार.’

‘उचलतोय, पोरी,’ वायरलेसमधून आवाज आला.

पोरी म्हणणारा एकच माणूस आहे.

मी वळले. कुंपणाशी, ग्रेच्या खुर्चीमागं, कागदी कपात कॉफी घेऊन झुलेका उभी होती. मला बघून तिनं अंगठा वर केला.

नंतर कळलं ते असं. आदल्या संध्याकाळी झुलेका बेरेंडला भिडली, शिडीला वेळ लागतो तर लागू दे, त्याला सकाळी सहाला पाठव. आणि रिनस सहाला चढला, मध्ये चारदा बसला, पण पोचला. मला सांगितलं नाही, कारण महिनाभर जिच्या नावानं दोघं मिळून बोटं मोडली, तिच्याकडून भीक घेतली असं मला वाटेल म्हणून. त्याला माझी लाज वाटली. माझी!

तुळई वर निघाली होती. मला तेव्हाच ‘थांब’ म्हणता आलं असतं. जीभ हललीच नाही. म्हटलं, टिकेल सुतळी, वर काढून घेतील, हसण्यावारी जाईल. पाचव्या मजल्याला वाऱ्यानं झेंडा उलगडला आणि मागून खराटा दिसला. कॅफेवाले खुर्च्यांवर उभे राहून ओरडले, ‘रिनसनं खराटा लावला रे!’ टाळ्या, शिट्ट्या. पांढऱ्या टोप्या एकमेकांकडे बघायला लागल्या. झुलेकाचा अंगठा खाली आला.

चाळिसाव्या मजल्याला एका बाजूची सुतळी सुटली. खराटा आडवा झाला आणि डुलायला लागला. खाली ग्रे बसली होती.

‘थांब,’ मी म्हटलं.

तो थांबला. असा थांबला की तुळई केसभर हलली नाही.

‘काय झालं?’

‘तुळईला खराटा आहे. सुटत आलाय. मी बांधलाय.’

वायरलेसवर सगळी साइट ऐकत होती.

‘कुणासाठी?’

‘झुलेकासाठी.’

‘माणसं हटव,’ तो म्हणाला.

झुलेकानं आधीच ग्रेला हाताला धरून उठवलं होतं. आम्ही सगळ्यांना पार पाण्याच्या कडेपर्यंत ढकललं. रिनसनं तुळई खाली घ्यायला सुरुवात केली, इतकी हळू की येतेय हे मजले मोजूनच कळत होतं. अकराव्या मजल्याला खराटा सुटला. खाली एक खुर्ची राहिली होती, तिचे दोन तुकडे झाले.

मग नियमाप्रमाणं सगळं पहिल्यापासून. तुळई तपासा, पट्टे बदला, कागद भरा, सह्या घ्या. बेरेंड माझ्यावर ओरडला नाही, नुसता फाटकाकडे हात केला. सगळं तयार होईपर्यंत एक वाजला आणि पश्चिमेचा वारा सुटला. वर वारामापक ओरडायला लागला. तीनपर्यंत वाट बघितली. मग बेरेंड म्हणाला, सोमवारी.

सोमवारी रिनसचं नाव साइटच्या यादीत नव्हतं.

झुलेका फाटकाबाहेर माझ्याकडे आली. मला वाटलं, आता कानफटात देईल. ‘माझ्यावर जळतेस, जळ,’ ती म्हणाली. ‘मीही जळत होते. तो तुला पोरी म्हणतो, आणि मला वर्षभर नावानंसुद्धा हाक मारली नाही. पण खाली माणसं होती, मारिट.’

रिनस पाचला खाली आला. गुडघे धरून माझ्या शेजारी कठड्यावर बसला. मी शिव्यांची वाट बघत होते.

‘मी तिच्याबद्दल बडबडायचो,’ तो म्हणाला, ‘ते तू खरंच ऐकत होतीस होय?’

‘मग काय करत होते?’

‘मला वाटलं, तू फक्त हो हो म्हणतेस.’

एवढंच. घरी गेला.

सोमवारी मी धक्क्यावर गेले, कुंपणाबाहेर. दोन आठवडे आत यायचं नाही असा कागद मिळाला होता मला. फोटोवाला नव्हता, खुर्च्या नव्हत्या. रिनस होता, दुर्बीण न घेता. दहाला झुलेकानं तुळई उचलली. खाली कुणीतरी नवा पोरगा होता, तिला ‘उजवीकडे’ म्हणत होता तेव्हा हात डावीकडे करत होता.

तुळई तिसाव्या मजल्याला पोचली आणि रिनसनं पाठ फिरवली. पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

‘मला नाही बघवत,’ तो म्हणाला. ‘तू बघ.’

मी बघितलं. वर झेंडा फडफडला, तुळई वळली, खाचेवर आली, एकदाही न डुलता खाली टेकली. वरच्या माणसांनी हात हलवले.

‘बसली?’

‘बसली.’

‘डुलली?’

मी आजवर त्याच्याशी एकदाच खोटं बोलले होते, त्या केबिनच्या वेळी. ‘नाही,’ म्हटलं.

त्यानं मान हलवली. पाण्यात थुंकला.

‘किती वेळ लागला तिला?’

‘अकरा मिनिटं.’

‘मला नऊ लागली असती.’

‘आठ,’ मी म्हटलं.