शारदाबाईंची कच्ची वही

विनायकराव बुऱ्हाणपुरात विज्ञान शिकवायचे. चार प्रांत मिळून नवा मध्यप्रदेश झाला त्याला चौथं वर्ष लागलं होतं. राज्यं एका दिवसात एक झाली, मास्तरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या मात्र अजून एक होईनात. पण आपण कितवे याची विनायकरावांना उत्सुकता उरली नव्हती. दिवाळीआधी त्यांच्या पत्नी शारदाबाई गेल्या, तेव्हापासून कसलीच नव्हती. साखर नसलेला चहा ते मुकाट पीत. मीठ पडलेलाही पीत. शाळेचा शिपाई निंबा याने एकदा खात्रीच करून घेतली होती.

नेम एकच उरला होता. दक्षिणेतल्या एका वेधशाळेच्या प्राध्यापकांनी गावोगावच्या विज्ञानशिक्षकांना फॉर्म पाठवले होते. सूर्य मावळल्यावर उपग्रह डोक्यावरून जाईल तेव्हा रेडिओवर त्याची टिकटिक ऐकायची, वेळ लिहायची, आणि आवाज सरळ येतो की थरथरतो तेही. विषुववृत्ताच्या पट्ट्यात फार उंचावर विजेने भारलेल्या हवेचा थर असतो. दिवस मावळला की त्यात गुठळ्या होतात, असा प्राध्यापकांचा तर्क होता.

“पिठल्यात होतात तशा?” शारदाबाईंनी विचारलं होतं.

“विज्ञानात पिठलं आणू नकोस.”

मग ते रेडिओला कान लावून बसत, आणि त्या घड्याळ व कच्ची वही घेऊन. फॉर्मवर फेअर मात्र विनायकरावच करत. अक्षर छापल्यासारखं.

फाल्गुनात प्राध्यापकांचं पत्र आलं. ‘आजूबाजूच्या प्रत्येक ठिकाणी थरथर आहे. आपल्याकडे दोन वर्षांत एकदाही नाही. मूळ कच्च्या नोंदी असल्यास पाठवाव्यात. नसल्यास बुऱ्हाणपूर वगळावे लागेल.’

विनायकरावांनी पत्राची घडी घातली. थरथर ते सोडून द्यायचे, रेडिओचा दोष म्हणून. आलेखाच्या रेषेत न बसणारं रीडिंग फेअरमध्ये घ्यायचं नाही, हे वीस वर्षं पोरांना शिकवलेलं. वगळले तर वगळोत. पण त्या दोन वर्षांत शारदाबाईही बसल्या होत्या.

आणि कच्ची वही? तेराव्यानंतर घर आवरताना ती त्यांनी शाळेतल्या रफ वह्यांच्या गठ्ठ्यात टाकली होती. तो गठ्ठा दर वर्षी निंबाच्या शेगडीत जाई. प्रयोगशाळेचा चहा त्यावरच होई.

निंबा तापीपलीकडे जैनाबादला राहायचा. सकाळी तो येताच विनायकरावांनी विचारलं, “निंबा, रफ वह्या जाळल्यास?”

“कवाच्याच, मास्तर. तुम्हीच तर प्यालात.”

विनायकराव स्टुलावर बसले. बरं, म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं, तेही धड वाटेना.

“बाईंची कापी ठेवली हाय पण,” निंबा म्हणाला. “मागची कोरी पानं तेवढी जाळली.”

“ती का ठेवलीस?”

“लिहिलेला कागद कसा जाळू? सरस्वती हाय ना!”

“मग पोरांच्या जाळल्यास त्या?”

“त्यात कुठं लिहिलेलं असतं, मास्तर? सगळं एकमेकाचं उतरवलेलं!”

संध्याकाळी घरी त्यांनी वही उघडली. थरथर पानोपानी होती. ‘आठ वाजून पाच. पापड भाजताना तडतडतो तसा आवाज.’ ‘सात पन्नास. सरळ, पण शेवटी हिव भरल्यासारखा.’ शेवटची नोंद आश्विनातली: ‘आठ दहा. थरथर फार. हे म्हणतात रेडिओ बिघडला. मला नाही वाटत.’

त्यांनी ती दोनदा वाचली. रडू येईल म्हणून थोडं थांबले. आलं नाही.

मग वही कापडात शिवली. सोबतच्या फॉर्मवर ‘निरीक्षकाचे नाव’ या रकान्यात सवयीने स्वतःचं नाव लिहिलं, त्याकडे बघत राहिले, आणि ते खोडलं. फेअर कागदावर आयुष्यातली पहिलीच खाडाखोड. वर, उरलेल्या अरुंद जागेत, बायकोचं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडंच आलं.

दुसरा कागद त्यांनी घेतला नाही.