शनिवारची पालकसभा

आमच्या शाळेच्या फाटकावर एक फ्लेक्स होता: 'दहावीचा निकाल शंभर टक्के'. दर जूनला त्यावर नव्या सालाची पट्टी चिकटवायची, बाकी मजकूर तोच. तो तसाच राहावा याची व्यवस्था शाळा वर्षभर आधी करायची. ती व्यवस्था सांगताना मला आजही संताप येतो. त्यात मीही सापडणार आहे, पण म्हणून काही गप्प बसणार नाही.

नववी संपली की एक यादी निघे. यादीतल्या मुलांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा आणि त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे दहावीची परीक्षा त्यांनी बाहेरून द्यायची. नापास झाली तरी शाळेचं नाव नाही. नऊ वर्षं जी मुलं आमच्या नळाचं पाणी प्यायली, ती एका सहीने परकी!

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी अशीच यादी वाचली. "ही सहा मुलं आपला निकाल खाणार." तिसरं नाव माझ्या वर्गातल्या मुलीचं होतं. ती भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावरच्या खोलीत राहायची. खाली दिवसभर खडखडाट, म्हणून घरात सगळेच ओरडून बोलत. ती वर्गातही तशीच बोले. तिने पाढा म्हटला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून विचारत, "बाई, भांडण चाललंय का?" गणित कच्चं होतं, पण एक दिवस खाडा नाही.

"तिला का काढता, सर?"

त्यांनी मीच भरलेला तक्ता पुढे सरकवला. मातृभाषेच्या रकान्यात मराठी, हिंदी, तेलुगू, उर्दू. वडिलांच्या व्यवसायात लूम कामगार, लूम कामगार, गोदामात हमाल, रिक्षा. "अशी घरं, तर असाच निकाल येणार."

"अशी म्हणजे कशी हो, सर?" मी पदर खोचला.

"तुम्हीच लिहिलंय, बाई." त्यांनी पालकसभेची वही उघडली. त्या मुलीच्या नावापुढे चार वेळा, माझ्या वळणदार अक्षरात: 'पालक गैरहजर. पालक उदासीन.'

बावीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच वाद अर्धा टाकून उठले. साक्षीला सगळी स्टाफरूम आहे.

बाहेर ती मुलगी उभीच होती. "बाई, मला काढणार? माझ्या बहिणींनी आठवीतच शाळा सोडली. दाखला घरी नेला तर मलापण बसवतील घरी."

"वडील सभेला का येत नाहीत गं?"

उत्तर दिलं ते शेजारच्या कोन गावाहून येणाऱ्या आमच्या शिपाईकाकांनी. "कसं येतील, बाई? सभा शनवारी. लूमला सुट्टी सुक्रवारी हाय. शनवारी गेला तं रोज बुडंल. येवरी वर्सं भिवंडीत हाव, तुमाला ठावं न्हाय?"

ठाऊक होतं हो! शुक्रवारी लूम बंद असतात आणि गल्ली कशी शांत होते, हे मीच पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. सभा मात्र शनिवारी, कारण शनिवारी आमची शाळा लवकर सुटते. आमच्या सोयीचा वार, आणि उदासीन कोण, तर ते!

मी मुख्याध्यापकांशी भांडून शुक्रवारी सकाळी सभा ठेवली. बाकं पुरेनात. इस्त्रीचे शर्ट, अत्तराचा वास, कडेवर पोरं. मुलीचे वडील उठले आणि लूमवरच्याच आवाजात बोलले.

"सर, माझी मुलगी हुशार नाय, मान्य. पण माझ्या लूमवर कपडा खराब निघाला, तर तो बाजूवाल्याच्या लूमचा हाय असं मी सेठला नाय बोलत. मेरा है, तो मेरा है."

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बसू द्या परीक्षेला शाळेतूनच. सगळ्यांना."

मी वहीतले ते चारही शेरे खोडले.

"खाडाखोड चालत नाही, बाई."

"चालेल. खाली सही करते," मी म्हटलं, आणि चारदा केली.

पुढच्या वर्षी जूनला त्या सहांपैकी पाच जण पास झाले. ती गणितात नापास. माझ्याच विषयात! फ्लेक्स उतरला, शिपाईकाकांनी तो सायकलींच्या छपरावर घातला, आणि मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी फक्त नोटिशीतून बोलले. मी दर शुक्रवारी तिच्या खोलीवर गणित शिकवायला गेले. त्या दिवशी तिथे माझा आवाज ऐकू यायचा.

फेरपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा ती फाटकातूनच ओरडली, "बाईऽऽ, एकेचाळीस!"

मुख्याध्यापक दचकून खिडकीशी आले. "कोण आहे ती?"

"आपल्या शाळेची विद्यार्थिनी, सर."