हमादीमामाच्या बोटाचा ठोका

फहार रेडिओवर लागला की माझ्या बसमधली पोरं मागून सांगतात, काका, आवाज वाढवा. मी वाढवत नाही. एक तर नियम आहे, आणि दुसरं म्हणजे ज्याच्याबरोबर वीस वर्षं दर रविवारी चहाचे ग्लास विसळले त्याचं कौतुक ड्युटीवर कोण करणार? अख्खा फ्रान्स त्याला ‘कातिबू’ म्हणून ओळखतो. कातिबू म्हणजे आमच्या कोमोरी बोलीत लोकांची कागदपत्रं लिहिणारा कारकून. रॅप करणाऱ्या माणसाने असलं नाव का घ्यावं, हे कोडं पेपरवाल्यांना अजून सुटलेलं नाही. त्याचं उत्तर आमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहतं. हमादीमामा.

हमादी हा फहारच्या आईचा, म्हणजे एशाताचा धाकटा भाऊ. मार्सेयच्या जुन्या बंदरावर मासळीचं एक हॉटेल आहे, तिथे मागच्या खोलीत त्याने एकतीस वर्षं भांडी घासली. माणूस सरळ, देवभोळा, फक्त बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर असं अडकून बसायचं की समोरचाच त्याचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचा. नमाज पढताना मात्र त्याचा एक शब्द अडत नसे. मामा फक्त देवाशी आणि भाच्याशी बोलतो, असं आम्ही त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो हसायचा.

सरकारी कचेरीत जायचं तर सोबत भाचा लागे. फहारचा बाप लवकर गेला होता, त्यामुळे घरातले सगळे अर्ज या दोघांनीच भरले. आठ वर्षांचं पोर खिडकीशी टाचा उंचावून मामाचं म्हणणं सांगायचं. एकदा खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, तुझा मामा मुका आहे का?

“मुका नाहीये,” फहार म्हणाला. “तुम्ही थांबत नाही.”

ती थांबली. मामाने आपलं पूर्ण नाव स्वतः सांगितलं. बराच वेळ लागला, मागच्या रांगेने उसासे टाकले. हा किस्सा एशाताने मला पन्नास वेळा तरी ऐकवला असेल आणि दर वेळी ती रांग लांबत गेली.

घरी मामाने एक युक्ती शोधून काढली होती. जेवणाच्या टेबलावर बोटाच्या पेराने ठोका धरायचा, टक, टक, टक, आणि एकेका ठोक्यावर एकेक शब्द ठेवायचा. मग वाक्य सुखरूप पार पडे. एशाता वैतागायची, मी काय सुताराच्या घरी राहते का, म्हणायची. फहारला वाटे की सगळेच मामा असे बोलतात. तोही ठोक्यावर बोलायला लागला. एका ठोक्यात आधी दोन शब्द, मग चार, मग मास्तरांची नक्कल, मग जिन्यातल्या सगळ्या भानगडी. त्याला रॅप म्हणतात, हे त्याला पुढे दुसऱ्यांनी सांगितलं.

पहिलं गाणं रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा स्टुडिओत ताल देणारं यंत्र होतं. फहार अडून बसला, मामा पाहिजे आणि मामाचं टेबलही पाहिजे. लिफ्ट नेहमीसारखी बंद. त्याने आणि मी ते टेबल सात मजले खाली उतरवलं, माझ्या अंगठ्याचं नख त्या दिवसापासून वाकडं आहे. मामा काचेच्या खोलीत डोक्यावरची टोपी सारखी करून बसला आणि ठोका देत राहिला. त्या गाण्यावर सगळा देश नाचला. मोठं बक्षीस मिळालं तेव्हा फहारने स्टेजवरून आधी मामाचे आणि मग मामाच्या टेबलाचे आभार मानले. लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. सातव्या मजल्यावर एशाताने उठून टेबल पुसलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी. साधं लग्न आमच्यात कुणीही करतं. पण मोठं लग्न आमच्या मूळच्या कोमोरी बेटावर गावी जाऊन, सगळ्या गावाला जेवू घालून करायचं असतं. ते होईपर्यंत माणूस कितीही म्हातारा झाला तरी गावाच्या लेखी पोर. पोराने सभेत दाराशी बसायचं, वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. फहार एक्केचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, स्टेडियममध्ये साठ हजार माणसांपुढे बोललेला, पण मार्सेयमधल्या गावकऱ्यांच्या आमच्या गावमंडळात त्याला खोकायचीही चोरी. दर उन्हाळ्यात मोठं लग्न ठरायचं आणि दर उन्हाळ्यात कार्यक्रमांचे दौरे आडवे यायचे. माझीही गत तीच, फक्त मला ऐकायला कुणी तिकीट काढत नाही.

हमादीमामाने मात्र भांडी घासून घासून बारा वर्षांपूर्वी मोठं लग्न केलं. सभेत पुढच्या रांगेत बसायचा आणि बोलायचा हक्क मिळवला. आणि तो हक्क एकदाही वापरला नाही. बसायचा, मान हलवायचा, घरी यायचा.

मागच्या वर्षी फहारने गाढवपणा केला. एका गाण्यात त्याने सोन्याच्या दाताचा एक म्हातारा घातला. तो सभेत झोपतो, फक्त ‘नाही’ म्हणायला जागा होतो आणि परत झोपतो. सोन्याचा दात आमच्या गावकऱ्यांत एकाच्याच तोंडात आहे. म्झे दाऊद, म्हणजे दाऊदबाबा, मंडळाचे सगळ्यात ज्येष्ठ. गाणं गाजलं, पोरं रस्त्यात दाऊदना पाहून घोरायला लागली, आणि मंडळात विषय निघाला की या घराला वाळीत टाका.

एकट्या फहारला नाही, घराला. त्या घरच्या हातचं कुणी घेणार नाही, त्या घराला कुठल्या लग्नाचं बोलावणं नाही आणि त्या घरातल्या मयताला कुणी जाणार नाही. निकाल लागायचा होता, तरी लोकांनी जिना चढणं आधीच बंद केलं. एशाता शहात्तर वर्षांची, मूत्रपिंडं थकलेली. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या लग्नात भात शिजवला, दुसऱ्यांच्या बायकांना शेवटची आंघोळ घातली.

“मला कोण धुणार?” तिने एका दुपारी विचारलं. फहार समोरच होता. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नाही.

माफी मागायला तो कधीचा तयार होता. पण पोराची माफी पोराच्या तोंडून चालत नाही, घरातल्या मोठं लग्न झालेल्या माणसानेच ती सभेपुढे मांडायला हवी. आणि घरात असा एकच होता.

निकालाच्या रविवारी मंडळाचा हॉल गच्च भरला. मी आणि फहार दाराशी, त्याच्या हातात पत्र्याचा ट्रे, माझ्या हातात किटली. दाऊदनी त्याच्या हातचा ग्लास घेतला नव्हता, तो ट्रेवर तसाच गार होत होता. हमादीमामा उभा राहिला. पहिलं अक्षर अडलं. त्याने परत सुरुवात केली, परत अडलं. लोकांनी नजरा खाली घातल्या, कुणीतरी हसलं, एका म्हाताऱ्याने मायेनेच बस म्हणून खुणावलं. मामाचं बोट टेबलाच्या कडेवर आलेलं मला दिसलं, पण एवढ्या वडीलधाऱ्यांपुढे टेबल वाजवायची लाज वाटून त्याने ते मुठीत घेतलं.

तेव्हा माझ्या शेजारी ट्रे वाजला. चमच्याने, हळू. टक, टक, टक.

पुढून कुणीतरी ओरडलं की पोराला गप्प करा. दाऊदनी डोळे उघडले.

“पोर कुठे बोलतंय?” ते म्हणाले. “ट्रे वाजतोय. वाजू दे.”

आणि हमादीमामा बोलला. एकेका ठोक्यावर एकेक शब्द ठेवत.

“बारा वर्षांपूर्वी तुम्ही मला बोलायचा हक्क दिलात. त्याचे आभार तेव्हा मानता आले नाहीत, आज मानतो. हा पोरगा आठ वर्षांचा होता तेव्हापासून माझ्यासाठी बोलला. माझं वाक्य त्याने कधी पुरं केलं नाही, थांबला. आज त्याला बंदी आहे, म्हणून मी बोलतो. दाऊदबाबा, त्याने तुमचा अपमान केला. माफी तो मागतोय, तोंड माझं आहे. दंड काय असेल तो लावा. पण माझ्या बहिणीच्या मातीला येणार नाही, एवढं म्हणू नका. तुमच्या आईला तिने धुतलंय.”

चमचा थांबला. फहारच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हातात ट्रे असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. मी पुसलं, किटलीच्या फडक्याने, आणि माझंही पुसून घेतलं.

 दाऊदनी दाराकडे मान वळवली.

“तो ग्लास गार झाला असेल,” ते म्हणाले. “मला दुसरा भरून आण.”

फहारने नेऊन दिला. दाऊदनी सगळ्यांच्या देखत तो शेवटपर्यंत प्यायला. वाळीत टाकण्याऐवजी दंड लागला, तीन बोकड आणि सगळ्या मंडळाला जेवण, तो फहारने हसत भरला. झोपेचा विषय कुणी काढला नाही.

मी घरी येऊन सात मजले धावत चढलो. एशाता दार उघडं टाकून खुर्चीवर बसली होती, रविवार असून चूल पेटलेली नव्हती. मला वाटलं होतं, ती विचारेल काय ठरलं. मी सांगायला तोंड उघडलंही होतं.

“कोण बोललं?” तिने विचारलं.

“हमादी.”

ती उठून उभी राहिली. वाळीत टाकलं का नाही, हे तिने विचारलंच नाही.

“पूर्ण बोलला?”

“पूर्ण,” मी म्हणालो. “मध्ये कुणी तोडलं नाही.”

ती परत बसली, टेबलावर दोन्ही तळवे टेकले आणि रडली. मग तिने मला खालून नारळ आणायला पाठवलं. भावाला नारळाच्या दुधातला भात आवडतो, म्हणाली, आणि जिन्यातून कुणी वर आलं तर जेवायला थांबवायला सांगितलं.