आबांच्या खाजेचं पथ्य

मंडळी, आज माझी पार जिरली!

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या हाताला दीड महिन्यापासून खाज सुटलीय. "अंगात उष्णता झालीय," म्हणत मीच त्यांचं मटण आणि वांगं बंद केलं. त्यांना एकट्याला वाईट वाटू नये म्हणून मीही रोज त्यांच्याबरोबर दुधीच खाल्ला.

आज त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. हात तपासून ते म्हणाले, "हे जेवणामुळं नाही. कोरड्या कातडीवर जिवाणू वाढलेत. ते जे विष सोडतात, तेच खाजेच्या नसांना डिवचत असावं. खाजवलं की कातडी फाटते आणि ते आणखी आत शिरतात."

"आणि मटण?" मी हळूच विचारलं.

"मटणाचा काय संबंध?"

आबा एकदम खूश! "मी म्हणतच हुतो डॉक्टर! दर बुधवारी कागलला बहिणीकडं तांबडा रस्सा वरपतुय, पर खाज काय वाढली न्हाय की!"

बुधवारी? मला तर भजनाला जातो म्हणून सांगायचे!

म्हणजे दीड महिना पथ्य पाळलं ते फक्त मी. तेही खाज नसताना!

आता तुम्हीच सांगा, आज मटण कुणी आणायचं?